गिअरची घ्यावी की बिनगिअरची?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "आत्या, नवीन पिकअप घ्यायचीय. गिअरची घेऊ की ऑटोमॅटिक? घरात दोन पार्ट्या पडल्यात. आता तूच काय ते सांग."

मला आधी हसूच आलं. जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली मी बाई, मला कोणी समास विचारावा, संधी विचारावा. गिअरबॉक्सचा निकाल माझ्याकडे? पण फोन ठेवल्यावर हसू मावळलं. कारण हा प्रश्न साधा नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो का साधा नाही ते पुढे येईलच.

आधी थोडी माहिती. माझ्या धाकट्या भावाचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचा मळा आहे. घर मळ्यातच, गावापासून तीन किलोमीटर आत. अकरा वर्षांची जुनी पिकअप आहे, ती आता थकली. द्राक्षं व्यापारी स्वतःच्या गाडीत क्रेट भरून नेतो, त्यामुळे टनावारी माल वाहायला गाडी नकोय. औषधं आणायची, ठिबकच्या नळ्या आणायच्या, बाजार, लग्नकार्य, दवाखाना, यासाठी हवी. म्हणून पुढे पाच माणसं बसतील आणि मागे सामान राहील अशी डबल कॅब घ्यायचं ठरलं आहे.

आपल्याकडच्या छोट्या मालवाहू पिकअप बहुतेक सगळ्या गिअरच्याच असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा पडत नाही. पण इसुझू व्ही-क्रॉस किंवा 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स या मोठ्या पिकअप दोन्ही प्रकारांत आल्या, आणि मग घरोघरी वाद सुरू झाले!

भाच्याची बाजू गिअरची. त्याचे मुद्दे मी वहीत लिहून घेतले (सवय, दुसरं काय). एक, ओढायला ताकद गिअरच्या गाडीतच. दोन, घाटात ऑटोमॅटिकचा भरवसा नाही. तीन, चिखलात आणि आडरानात बंद पडली तर गिअरची धक्का मारून चालू होते. चार, गावच्या मेकॅनिकला तीच कळते. आणि पाचवा मुद्दा त्याने हळूच सांगितला, "ऑटोमॅटिक म्हणजे काय गं, बायकांची गाडी."

पहिल्या चार मुद्द्यांसाठी मी आठवडाभर वाचन केलं. दोन शोरूममध्ये जाऊन तिथल्या पोरांना भंडावून सोडलं. ओळखीच्या एका मेकॅनिककडे जाऊन चहा प्यायले. पाचव्या मुद्द्याचं उत्तर मात्र माझ्याकडे पन्नास वर्षांपासून तयार आहे. ते शेवटी.

आधी ताकदीचं बघू. गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. दोन चकत्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या. पाय दाबला की सुटतात, पाय सोडला की चिकटतात. पिकअपच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलात फिरणारे दोन पंखे असतात. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो ना? तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गंमत अशी, की गाडी जागेवरून हलताना हे तेल नुसती ताकद पोचवत नाही, मधल्या एका स्थिर चाकामुळे ती वाढवूनही देते. म्हणजे भरलेली गाडी चढावर हलवायची असेल तर हा प्रकार कामाचाच. हाफ क्लचवर गाडी तोलताना तो जळका वास येतो ना, तोही प्रश्न इथे नाही.

आणि आकडा बघा. हायलक्सचं इंजिन एकच, 2.8 लिटरचं डिझेल. पण गिअरच्या गाडीत त्याचा टॉर्क 420 न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये 500! ज्या गाडीला आपण ताकदीची म्हणतो तिच्यातच जोर कमी. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, तू कंपनीच्या माणसाशी बोललीस वाटतं." अरे, छापील पत्रकात आहे, वाच की!

ज्या देशात पिकअप ही जवळजवळ घरातली बैलजोडी आहे त्या अमेरिकेतसुद्धा हेच झालेलं दिसतं. तिथली लोकप्रिय फोर्ड एफ-150 गिअरमध्ये मिळायची ती 2008 पर्यंत. मोठ्या पिकअपपैकी शेवटी उरली होती ती डॉज-रॅमची जड गाडी, तिनेही 2018 नंतर गिअर सोडला. टोयोटा टॅकोमासारख्या मध्यम गाडीच्या 2024 च्या नव्या मॉडेलमध्ये मात्र सहा गिअरची आवृत्ती होती, कारण शौकीन लोक आहेत. ट्रेलर ओढणारा, बोट ओढणारा, घोडे वाहून नेणारा तिथला शेतकरी काही नाजूक म्हणून ऑटोमॅटिककडे गेला नाही. आठ-दहा गिअर असलेले नवे डबे योग्य गिअर त्याच्यापेक्षा लवकर निवडतात, म्हणून गेला.

आणि "नाजूक" शब्द निघालाच आहे तर इतिहासाच्या बाईंना एक वाक्य बोलू द्या. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकेच्या एम 5 रणगाड्यात बसवला होता. रणगाड्याला चाललं ते दिंडोरीच्या मळ्याला चालेल असं मला वाटतं.

आता घाट. इथे भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उतारावर गाडी धरायचं काम एकट्या ब्रेकचं नाही, इंजिनाचंही असतं. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावं, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. खालचा गिअर टाकला की इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. गिअरच्या गाडीत हे आपोआप शिकावं लागतं. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'डी'वर ठेवून माणूस निवांत बसतो आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो, ही खरी भीती. पण त्याच लिव्हरच्या शेजारी अधिक-उण्याची खूण असते. ती वापरून दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवता येतो. कसाऱ्याचा घाट असो की नांदुरीहून वणीच्या गडाचा रस्ता, सोय दोन्हींत आहे. ती वापरायची अक्कल मात्र दोन्हींत बाहेरूनच आणावी लागते.

कारण गिअरची गाडी आहे म्हणून माणूस गिअर वापरतोच असं कुठे आहे? डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पुण्यात नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने अठ्ठेचाळीसच्या आसपास गाड्यांना धडक दिली. आधी सगळे म्हणाले ब्रेक निकामी झाले. नंतर तपासातून बातमी आली ती उतारावर इंजिन बंद ठेवल्याची. तो ट्रक गिअरचाच होता की!

तिसरा आणि चौथा मुद्दा मात्र मी भाच्याला निमूट देऊन टाकला. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही. बंद पडली तर दोर बांधून कशीही टोचन करून नेता येत नाही. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंपही बंद असतो, आणि चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडेच घासतात. चाकं उचलून किंवा मोठ्या गाडीवर चढवूनच न्यावी लागते. चिखलात चाकं गरागरा फिरवत बसलं तर तेल तापतं. दुरुस्ती निघाली तर गावचा मेकॅनिक हात जोडतो, नाशिक गाठावं लागतं. आणि किंमत जास्त हे आहेच. ज्याची पिकअप रोज भाड्याने जाते, जिच्यावर दर महिन्याला नवा ड्रायव्हर असतो, त्याने गिअरचीच घ्यावी असं माझंही मत आहे. क्लच-प्लेट कुठल्याही तालुक्याला बदलून मिळते.

आणखी एक. ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. आपल्याकडे स्वस्त गाड्यांतून एएमटी आलं. तो मुळात गिअरचाच डबा, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात. त्यातली एखादी गाडी गिअर बदलताना गचका देते, चढावर मागे सरकते, आणि लोक म्हणतात "ऑटोमॅटिक वाईट". वर सांगितलेल्या दोन्ही पिकअपमध्ये तो प्रकार नाही, पंख्यांचा आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या छोट्या गाडीवरून मोठ्या पिकअपचं मत बनवू नये.

इथपर्यंत लिहून मी भाच्याला सांगू शकले असते की बाबा रे, दोन्ही बाजू सारख्याच, तुझं तू बघ. पण तसं सांगितलं नाही. का, ते लिहायला जरा जड जातंय.

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. माल तोडणीचे दिवस. मी तेव्हा मळ्यातच होते. भाचा कामासाठी सांगलीला गेलेला. रात्री दोनच्या सुमाराला भावाच्या छातीत कळ आली. घामाने अंग भिजलं, डावा हात धरून बसला. घरात आम्ही तीन बायका. मी, भावजय आणि भाचेसून. अंगणात पिकअप उभी. टाकीत डिझेल होतं. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला, नेहमीच्या जागी.

भाचेसुनेकडे चारचाकीचं लायसन आहे. लग्नाआधी माहेरी तिने रीतसर क्लासला जाऊन काढलेलं. ती धावत गेली, गाडी चालू केली. अंगणातून रस्त्यावर यायला छोटा चढ आहे आणि तो रिव्हर्समध्ये चढावा लागतो. गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद. तिसऱ्यांदा जोरात उसळली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकली. तिचे हात थरथरत होते. मग ती गाडी तशीच टाकून अनवाणी शेजारच्या मळ्यात पळाली. तिथला मुलगा उठून येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात भावजय देवापुढे बसली आणि मी भावाचा हात धरून नुसती घड्याळाकडे बघत होते.

भाऊ वाचला. अँजिओप्लास्टी झाली. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला, आणि डॉक्टर म्हणाले, अशा वेळी मिनिटामिनिटाला किंमत असते. आता तो मळ्याच्या फाटकापर्यंत चालला तरी दमतो.

नंतर सगळ्यांनी भाचेसुनेची समजूत घातली, "तुझी काही चूक नाही." ती काही बोलली नाही. बोलणार काय? मला मात्र एक प्रसंग आठवत होता. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पिंपळगावच्या बाजाराला निघालो होतो. ती म्हणाली, "आज मी चालवू का?" भाचा शेजारी बसला. आम्ही दोघी नणंद-भावजय मागे दाटीवाटीने बसलो. तेव्हा घरात जुनी जीप होती. बाजाराच्या फाटकाशी गर्दीत गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. भाचा हसला आणि म्हणाला, "राहू दे, ही काही तुझी ॲक्टिव्हा नाही." तिने जागा बदलली. त्यानंतर सहा वर्षं तिने चारचाकीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. रोज मुलांना ॲक्टिव्हावरून शाळेत सोडणारी, पावसात चिखलात वीस-वीस किलोमीटर जाणारी मुलगी ती!

भाचा हसला हे मी लिहिलं. खरं लिहायचं तर मीही हसले होते.

आणि मी हसावं? मी? 1972 साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली. पुढे दोन-तीन वर्षांत मी कर्ज काढून ती घेतली. शाळा सात किलोमीटर लांब होती, एसटीच्या वेळा जुळायच्या नाहीत. शाळेतले सहकारी स्कूटरवाले. ते म्हणायचे, "बाई, ही काय गाडी आहे? हिला गिअर कुठाय?" दहा वर्षं ऐकलं मी ते. पुढे 1984 मध्ये बटणावर चालू होणारी बिनगिअरची कायनेटिक होंडा आली आणि बघता बघता आमच्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बायका रस्त्यावर दिसायला लागल्या. साडी नेसून किक मारायचं, गिअर टाकायचं संकट गेलं होतं. त्या गाड्यांनी जेवढ्या बायकांना स्वतःच्या वेळेवर घराबाहेर पडायला शिकवलं तेवढं माझ्या शिकवण्याने नक्कीच झालं नसेल. "बायकांची गाडी" म्हणून हिणवलेला तोच प्रकार आज पुरुषही बिनदिक्कत वापरतात. भाच्याच्या पाचव्या मुद्द्याचं उत्तर हे.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. भाड्याच्या नव्हे, घरच्या पिकअपला गिअर कुठला, हे ठरवताना सगळ्यात चांगला चालवणाऱ्याला विचारू नये. त्याला काय, तो काहीही चालवील. घरात सगळ्यात कमी चालवणारं पण वेळ आली तर चालवावं लागेल असं जे माणूस आहे, त्याला विचारावं. अंगणातली जी गाडी एकालाच चालवता येते ती घराची गाडी नसते, त्या एकाचीच असते. तो सांगलीला गेला की गाडीही गेली म्हणायची.

यावर भाच्याने एक चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, "आत्या, पण त्या रात्री तिला सवय असती तर गिअरचीही चालवता आली असती ना? मग दोष गिअरचा कसा?"

बरोबर आहे. दोष गिअरचा नाहीच. दोष त्या हसण्याचा. पण हसण्याने गेलेला धीर एका दिवसात परत येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तीन पेडलपेक्षा दोन पेडल सोपे, एवढं तरी खरं आहे. शिवाय ऑटोमॅटिक आणली म्हणजे काम झालं असंही नाही. गांगरलेला पाय ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटरवर पडू शकतो, आणि क्लच नसल्यामुळे ती गाडी बंद पडून आपल्याला वाचवत नाही, सरळ पळते. डावा पाय बाजूला ठेवायचा आणि दोन्ही पेडल उजव्याच पायाने, हे अंगवळणी पडावं लागतं. उतारावर 'पी'त टाकण्याआधी हँडब्रेक ओढायचा, तेही शिकावं लागतं. आपल्याकडे दुचाकीच्या लायसनला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, चारचाकीला नाही. तेव्हा लायसन आहे तेच चालेल, सराव मात्र हवाच.

म्हणून मी भाच्याला दोन अटी घातल्या. ऑटोमॅटिक घेणार असशील तर आठवड्यातून दोनदा गाडी तिने बाहेर काढायची, एकदा तरी अंधार पडल्यावर. आणि गिअरचीच घेणार असशील तरी माझी हरकत नाही, पण मग आठवड्यातून चारदा, आणि तू शेजारी बसायचं नाहीस!

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिलाच विचारतो."

बघा, सहा-सात वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

तिचं उत्तर परवाच कळलं. तिला नवी गाडी ऑटोमॅटिक हवी आहे, पण ती येईपर्यंत जुनी पिकअप शिकायची आहे. त्या अंगणातल्या चढावर, रिव्हर्समध्ये. कारण विचारलं तर म्हणाली, "आत्या, तेवढं एक माझं राहिलंय." रविवारी तिने तीनदा प्रयत्न केला. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा वर आली. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बघत होता, असं भावजय फोनवर सांगत होती.

असो. बुकिंग अजून केलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी ऑटोमॅटिक पिकअप पाच-सहा वर्षं शेतीवर वापरली असेल तर गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदललं आणि खर्च किती आला ते जरूर कळवा. भाच्याला सांगायला आकडा हवाय. आत्याचं नुसतं मत त्याला पुरत नाही!